ओझं टेकायचा कट्टा

शेंदराचा तो ठिपका अजून ओला होता. कट्ट्याच्या दर्शनी दगडावर, बरोबर मधोमध, बंद्या रुपयाएवढा, आणि त्याच्या खालून तेलाचा एक बारीक ओघळ निघून दोन दगडांच्या सांध्यात जिरत चाललेला... अंबूबाई हातातला खराटा तसाच धरून बघत उभी राहिली. ठिपका नीट गोल नव्हता. वरच्या अंगाला चपटा होता, जसा काही लावणाऱ्याच्या बोटाला शेंडाच नव्हता — आणि नव्हताच. या बावीस घरांच्या सोसायटीत मधल्या बोटाचं पेर गमावलेला माणूस एकच. झाशीला असताना ट्रकच्या फाळक्यात सापडून गेलं होतं ते, आणि तो माणूस, म्हणजे तिचा नवराच, या घडीला घरात बसून रेडिओचा कान पिळत होता, पुण्याच्या बातम्या लागतात का बघत, पहाटेपासून आपण दुसरं काहीच केलेलं नाही अशा थाटात.

काल संध्याकाळी सोसायटीच्या सभेत चेअरमन म्हणून कट्टा पाडायच्या ठरावावर सही करायची आणि आज उजाडायच्या आत शेंदूर कालवून त्याच कट्ट्याचा देव करून ठेवायचा. सुभेदार मानसिंगराव पलटणीत असेच होते म्हणे, साहेबाला सलाम ठोकून आपल्याच मनाचं करणारे. तिला हसू आलं, आणि ते पुरतं ओठांवर यायच्या आत राग आला.

कट्टा तसा काहीच नव्हता. घराचं जोतं बांधून उरलेले काळे दगड, कंपाउंडच्या भिंतीबाहेर, भिंत आणि गटार यांच्या मधल्या दोन हातांच्या पट्टीत रचलेले, वर एक सपाट फरशी. गेल्या वर्षी सुभेदार पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले होते त्या तीन दिवसांत तिने तो बांधून घेतला. जोतीराम गवंडी थापी हातात घेऊन विचारात पडला होता — "वैनी, बसायचा म्हणावं तर लय उंच, भिंत म्हणावी तर ठेंगणी. हाय तरी काय ह्ये?" ती दगडांना लागून उभी राहिली, आडवा हात छातीला लावला आणि म्हणाली, "हितवर." डोक्यावर भारा असलेल्या बाईने जरा गुडघ्यात वाकून मान पुढे केली की भारा आपसूक फरशीवर यावा, आणि घोटभर पाणी पिऊन, श्वास खाली बसला की तसंच वाकून परत डोक्यावर घेता यावा. दुसऱ्या कुणाच्या हाताची गरज पडू नये. डोक्यावरचं ओझं एकटीला खाली टाकता येतं, एकटीला उचलता येत नाही... हे ज्यांनी ओझं वाहिलेलं नाही त्यांना सांगून कळत नाही, आणि पोटनियम करायला बसले होते ते सगळे न वाहिलेलेच.

त्यांची तरी काय चूक म्हणा. सोसायटी झाली तेव्हा हा नुसता माळ होता. पेन्शनीत आलेले शिपाईगडी, दोन-तीन मास्तर, पाटबंधाऱ्याचे कारकून अशांनी मिळून प्लॉट पाडले, नकाशावर पट्टीने रेघा ओढल्या आणि एका रेघेला नाव दिलं रस्ता क्रमांक दोन. ती रेघ जिथे पडली तिथून पलीकडच्या माळावरून गावात जायची पायवाट होतीच, कुणाच्याही आजापणजापासूनची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेली पूर्वेकडची धनगर माणसं त्या माळावरच राहिली, आणि त्यांच्या बायका रोज सकाळी गवताचे भारे घेऊन त्याच वाटेने गावातल्या म्हशीवाल्यांकडे जातात. त्यांना आपण रस्ता क्रमांक दोनवरून चाललो आहोत याचा पत्ता नाही.

नियम तिला पाठ होते. सुभेदार रात्रीच्या जेवणाला बसले की तोंडी लावायला तेच असायचं. जोत्यापासून आढ्यापर्यंत घर कसं बांधायचं ते नगरपालिका सांगणार. कंपाउंडच्या आत म्हैस बांधायची नाही, पिठाची गिरणी घालायची नाही, पुढच्या दारी धुणं वाळत टाकायचं नाही, भिंत चार फुटांच्या वर न्यायची नाही, हे सोसायटी सांगणार. तिची काही तक्रार नव्हती. पलटणीच्या क्वार्टरात तिने पंधरा वर्षं काढली होती, तिथे तर कुंडीलाही गेरूचा पट्टा किती इंची मारायचा त्याची ऑर्डर निघायची. पण भिंतीच्या बाहेरचे आणि गटाराच्या आतले ते दोन हात कुणाचे? पालिका म्हणे, रस्ते अजून सोसायटीने आमच्या ताब्यात दिलेले नाहीत, तुमचं तुम्ही बघा. सोसायटी म्हणे, मंजूर नकाशात तो पालिकेचाच रस्ता आहे, आम्ही हात कसा लावणार. दोघांच्या मधली ती पट्टी वर्षभर कुणाचीच नव्हती, आणि तेवढ्या वर्षात बायकांची ओझी सुखाने टेकत होती.

मग मागच्या महिन्यात पालिकेचं पत्र आलं. रस्त्यालगतचे दगडी बांधकाम काढून टाकल्याखेरीज रस्ते ताब्यात घेता येणार नाहीत. आणि रस्ते ताब्यात गेले नाहीत तर दिवे नाहीत. दोन वर्षं अकरा खांब बिनदिव्याचे उभे आहेत. सेक्रेटरी दादासोंची सून पावसाळ्यात अंधारात गटारात पडली, पाय मोडून सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होती. अंबूबाईच तिला रोज भाकरी नेऊन देत होती... ती सून परवा म्हणाली, "काकी, तुमच्या कट्ट्यापायी दिवं आडल्यात म्हनं." कुजकं नव्हती बोलली. नुसती बोलली. तेच जास्त लागलं.

चहाची कपबशी पुढे ठेवून अंबूबाईने विचारलं, "शेंदूर कुठनं आणला?"

"कसला शेंदूर?" सुभेदारांनी रेडिओवरची नजर काढली नाही.

"बोट दावा."

त्यांनी मूठ मिटून घेतली. मग रेडिओ बंद केला. "हे बघ, देव म्हटल्यावर कुणाची पहार उठत न्हाई. चार वाजता ओव्हरसियर येतोय. देवस्थान हाय म्हणून लिहून घील. रस्ता पालिकेकडं जाईल, दिवं लागतील, कट्टा बी ऱ्हाईल. तुझं बी झालं, सोसायटीचं बी झालं."

"आन् भारं?"

"कसलं भारं?"

त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती, रात्री कितीदा उठून बसले होते ते तिने पाठमोरं पडून ऐकलं होतं. आजवर या माणसाने तिच्यासाठी साड्या आणल्या, सांधेदुखीचं तेल आणलं, बदलीच्या गाडीत खिडकीची जागा धरली. पण तिच्यासाठी एखादी लबाडी पहिल्यांदाच केली होती. नियमावर जीव असलेल्या माणसाची लबाडी. तिचं मन भरून आलं आणि त्याच वेळी त्यांच्या त्या मिटल्या मुठीवर फटका मारावासा वाटला.

नऊच्या सुमाराला धोंडुबाई आली. वाकलेली मान, पदराची चुंबळ, तिच्यावर हिरव्या गवताचा एवढा भारा की समोरून नुसते पाय आणि हनुवटी दिसावी. अंबूबाई फाटकात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, रोजच्यासारखी. धोंडुबाई कट्ट्याशी आली, गुडघ्यात वाकली... आणि थबकली. भाऱ्याखालून तिचे डोळे त्या ठिपक्यावर गेले.

"आक्का, ह्यो देव कवा बसला?"

"देव न्हाई गं त्यो. टेक तू."

"शेंदूर हाय की."

"असूं दे. टेक म्हणत्ये न्हवं."

"आवं, देवावर वझं कसं टेकू?" धोंडुबाईच्या आवाजात भीती नव्हती, समजूत होती, लहान पोराला सांगावं तशी. भारा सावरत तिने एक हात कसाबसा सोडवला, छातीला लावला आणि पुन्हा भाऱ्याला धरला. पाणीही प्यायली नाही. उभ्याने पाणी प्यायचं तर मान वर करावी लागते, आणि भाऱ्याखाली मान वर होत नाही. चालू लागली. तिच्या मागून आलेल्या दोघीही तशाच गेल्या. त्यांतल्या शेवटचीने तर भाऱ्यातलं एक पिवळं रानफूल ओढून ठिपक्याखाली ठेवलं.

अंबूबाई तांब्या धरून उभीच. पाठमोऱ्या त्या तीन भाऱ्यांकडे बघताना तिला सगळं पुढचं दिसायला लागलं. आज फूल आलं. उद्या नारळ येईल. महिन्याभरात कुणीतरी पत्र्याचं छप्पर घालील, घंटा बांधील, मग त्या देवाची एक कमिटी होईल, आणि कमिटी झाली की तिचे पोटनियम. त्यात पहिलाच नियम असेल — कट्ट्यावर कोणीही ओझे ठेवू नये. कट्टा वाचेल, अगदी धडधाकट वाचेल, आणि त्याच्या पुढून बायका ओझ्यासकट नमस्कार करून जातील.

भाजी निवडायला बसली तरी हात चालेना. मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत पडायला लागली. नाकात ओल्या गवताचा वास बसला होता, आणि तो वास आला की दुसरं काही दिसतच नाही तिला, उंब्रजच्या फाट्यावरून माहेरी जाणारी ती धुळीची वाट दिसते... लग्नानंतरची पहिली रजा. अंगात फिकट जांभळं जॉर्जेट, पायात झाशीच्या बाजारातल्या चपला, पुढे खांद्यावर ट्रंक घेतलेला नवरा. आणि बांधाच्या कडेला गवताचा भारा जमिनीवर टाकून उभी असलेली एक बाई. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. उन्हाने तोंड काळवंडलेलं. "आवं बाई, जरा हात लावा की."

राहीबाई होती ती. माझी राही. आम्ही दोघी एका विळ्याने गवत कापत होतो, एकीने कापायचं, दुसरीने पेंढी बांधायची, आणि भारा उचलायच्या वेळी मी तिला हात लावायची, मग ती गुडघा टेकून मला. तिने मला ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच 'अंबे' म्हणाली नाही, 'आवं बाई' म्हणाली. आणि मी... जॉर्जेटला गवताचा चीक लागेल, डाग जायचा नाही, एवढंच आलं माझ्या मनात. मी डोंगराकडे बघितलं. डोंगरावर काहीतरी बघण्यासारखं आहे असं तोंड करून मी तिच्या अंगावरून पुढे गेले. दहा पावलं गेल्यावर परत फिरता आलं असतं. वीस पावलांवरही. नवऱ्याने विचारलं, "कोण होती गं?" आणि मी म्हणाले, "कोण की."

पुढच्या रजेला गेली तेव्हा राहीबाई तासगावकडे दिली होती, द्राक्षाच्या बागा असलेल्या घरात. बरं झालं, सुखात असेल, असं अंबूबाई सगळ्यांपुढे म्हणाली. त्या दिवशी तिला हात कुणी लावला, का अंधार पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. वीस वर्षं झाली. सुभेदारांना हे माहीत नाही. कट्टा कशाला बांधला म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा ती "गरीब बाया हाईत, टेकतील जरा" एवढंच म्हणाली होती, आणि लोक तिला दयाळू समजले. दयाळू! ज्याचा त्याला ठाऊक असतो आपला हिशेब.

मेथी तशीच सुपात टाकून ती उठली. मोरीतली राख घेतली, घासायला नारळाची किशी घेतली, बाटलीतलं घोटभर रॉकेल वाटीत ओतलं. बारा वाजत आले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कट्ट्यापुढे बसली तेव्हा मात्र भीतीने किशी दगडाला लाववेना. दगडाचा देव होतो कधी, शेंदूर लागला की पहिली बाई वाकली की? पहिली बाई तर वाकून गेली होती. फूल होतं समोर. माहेरी असं काही कुणी केलं असतं तर आईने तिला पाच वाड्यांचं पाणी आणून आंघोळ घातली असती. तिने फूल उचललं, गटाराच्या काठावरच्या दुर्वांत हलकेच ठेवलं. "तू असशील तर ऐक," ती मनात म्हणाली, "तुला जागा हवी तर भिंतीच्या आत ये. तुळशीपाशी ये, माझ्या देव्हाऱ्यात ये, रोज पाणी घालीन. ही जागा दिलेली आहे." आणि किशी फिरवली. शेंदूर पहिल्यांदा नुसता पसरला, ठिपक्याचा पंजाएवढा डाग झाला. ती घाबरली नाही आता, चिडली. दोन्ही हातांनी घासायला लागली. काळ्या दगडाच्या भोकाभोकांत तो केशरी रंग जाऊन बसला होता आणि काही केल्या सगळा निघत नव्हता.

चार वाजता सायकलवरून ओव्हरसियर आला. पाठीमागून दादासो नकाशाची गुंडाळी घेऊन, आणि ठरावाप्रमाणे बोलावलेला जोतीराम, खांद्यावर पहार टाकून. सुभेदार कोट घालून फाटकात उभे होते. त्यांनी कट्ट्याकडे हात केला आणि बोलायला तोंड उघडलं, "त्याचं असं हाय साहेब, हितं पूर्वीपासनं..." आणि तिथेच थांबले. घासून पांढुरका पडलेला दगड. राखेचे ओघळ. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदर खोचून कट्ट्याशेजारी उभी होती, हातांचे तळवे केशरी.

"देवस्थान असलं तर काही अडचण नाही," ओव्हरसियर समजुतीने म्हणाला, त्यालाही ऊन लागत होतं. "रस्त्याकडेचं देवस्थान अशी नोंद करू आणि ताबा घेऊन टाकू. सकाळी गवतवाल्या बायका गावात बोलत होत्या, माळावर देव निघाला म्हणून."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर अकरा खांबांवर दिवे लागले असते, दादासोंच्या सुनेचा शब्द मिटला असता, नवऱ्याची मान ताठ राहिली असती. गप्प बसणं काय अवघड, वीस वर्षांपूर्वी जमलंच होतं.

"देव न्हाई," ती म्हणाली. "वझं टेकायचा कट्टा हाय. मी बांधलाय. तसंच लिवा."

ओव्हरसियरने वहीचं पान उलटलं, परत सुलटलं. "असा रकाना नाही बाई. अतिक्रमण, देवस्थान, झाड, विहीर, एवढेच आहेत."

"मग रकाना पाडा की एक. रस्त्याला नंबर पाडता, तसा."

दादासो घसा खाकरून म्हणाले, "वैनी, आमचं तुमच्याशी वाकडं न्हाई. पण सगळ्या बावीस घरांचं बघाय लागतं." ते खरं होतं, आणि ते सौम्यपणे बोलत होते. "तवा साहेब, अतिक्रमण म्हणा आन् काढून टाका."

"मी कसा काढू? ताबा कुठाय पालिकेकडं? सोसायटीनं काढून द्यायचं."

"आमी कसं काढावं? रस्ता नकाशात तुमचा."

झालं. फिरून तिथेच. शेवटी दोघांनीही जोतीरामकडे बघितलं. जोतीरामने पहार खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली खरी, पण दगडाच्या भोकांतल्या केशरी रंगाकडे बघून दोन पावलं मागे सरला. "मला न्हाई जमायचं. देव निघाला ऐकून सकाळी माझ्या बायकूनं यिऊन हात जोडल्यात ह्येला." ओव्हरसियरने पहारीकडे पाहिलंसुद्धा नाही. दादासोंनी नकाशा या काखेतून त्या काखेत घेतला. मग वहीत शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिलं गेलं, पुढच्या सोमवारी वरिष्ठांना विचारून कळवू असं ठरलं, आणि सायकल गेली, नकाशा गेला. पहार तेवढी भिंतीला टेकून राहिली. जोतीराम ती उचलायलाही पुढे आला नाही.

सुभेदार कोटाची बटणं काढत म्हणाले, "सोमवारी पाडतील."

"पाडूं द्यात."

"मग पुसलास कशाला? वाचत हुता की."

तिला सांगावंसं वाटलं, सगळं, फाट्यापासूनचं. ओठापर्यंत आलं. पण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, अगं, एवढंच व्हय, आणि त्यांच्या त्या 'एवढंच'ने वीस वर्षांचं ओझं कुणीतरी खाली टाकल्यासारखं झालं असतं, आणि परत उचलायला कुणी मिळालं नसतं. तिला ते खाली टाकायचं नव्हतं. ती नुसती म्हणाली, "तुमी माझ्यासाठी केलंसा, ते कळलं मला." सुभेदारांनी मान हलवली आणि बिनशेंड्याचं ते बोट दुसऱ्या हाताने चोळत आत गेले.

उन्हं उतरली तशा माळाकडे परतणाऱ्या बायका रस्त्यावर दिसायला लागल्या, रिकाम्या डोक्यांच्या, कमरेला दोऱ्या गुंडाळलेल्या. धोंडुबाई कट्ट्याशी थांबली. घासलेल्या दगडावरून तिने बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. "गेला व्हय देव?" तिने विचारलं. मग जरा थांबून, "उंद्या टेकू नव्हं, आक्का?"

"टेक."

एवढं सांगताना सोमवारचं तिच्या मनात होतंच. पाडतील. दगड नेतील, फरशी फोडतील, पट्टी साफ करतील, खांबावर दिवा लावतील, आणि लावावा, त्या सुनेसाठी तरी लावावा. ती कट्ट्याला लागून उभी राहिली, जोतीरामला माप देताना उभी राहिली होती तशी. आडवा हात छातीला लावला. फरशी बरोबर तिथेच होती. दगड काढले तरी हे माप कुठे जाणार होतं? सकाळी नऊला भाऱ्यांची वेळ. भिंतीबाहेर, गटाराच्या आत, त्या दोन हातांच्या पट्टीत एक बाई दोन्ही हात पुढे करून उभी राहिली तर ती अतिक्रमण की देवस्थान, झाड की विहीर, ते पालिकेने आणि सोसायटीने मिळून ठरवावं. वीस वर्षं तिला वाटत आलं होतं की राहीची फेड म्हणून आपल्यापाशी दगडच काय ते आहेत. हातांची आठवण आज झाली. तिने ते डोळ्यांपुढे धरले. कातडीच्या रेघांत शेंदूर होता, डाग चांगलाच बसला होता, आणि तो घालवायची तिला काही घाई वाटत नव्हती.